एम. आर. आय. तपासणीगृह : धोके आणि दक्षता

नंदुरबार, नवापूर, शहादा, साक्री या भागांतील कुटुंबात एखाद्याला मणक्याचे किंवा मेंदूचे अवघड दुखणे निघाले, की पुष्कळदा सुरतेची वाट धरली जाते. रेल्वेचा मार्ग सोयीचा पडतो आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत गावचा किंवा नात्यातला कोणी ना कोणी यंत्रमागावर अथवा गिरणीत कामाला असतोच. मुक्कामाची सोय होते. डॉक्टर रुग्णाला तपासतात आणि एम. आर. आय. काढून आणण्यास सांगतात. मग रुग्ण एक आणि सोबतचे तिघे-चौघे असा परिवार तपासणीगृहाच्या दाराशी बाकावर बसून राहतो. त्या बाकावर हमखास निघणारा प्रश्न एकच : याचे किरण अंगाला बाधतात काय?

ते बाधत नाहीत. क्ष-किरण चित्र आणि सी. टी. स्कॅन यांत जे किरण वापरले जातात, ते या तपासणीत मुळीच नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील, मुख्यत्वे पाण्यातील व चरबीतील, हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवून संगणक त्यांचे चित्र तयार करतो. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड या शास्त्रज्ञांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. योग्य दक्षता घेतली असता ही तपासणी अतिशय निर्धोक आहे, आणि डॉक्टरांनी सांगितली असता ती टाळण्याचे कारण नाही.

परंतु किरण नाहीत एवढ्यावरून खोलीही निर्धोक आहे असा समज करून घेतला जातो, आणि अपघाताचे मूळ तेथे आहे. क्ष-किरणाच्या खोलीबाहेर लाल दिवा असतो. तो विझला, म्हणजे यंत्र थांबले आणि आत जाण्यास हरकत नाही, हे लोकांना अनुभवाने ठाऊक झालेले आहे. एम. आर. आय.च्या दाराशी हीच सवय जिवावर बेतते. येथे तपासणी संपली तरी चुंबक चालूच असतो. रात्री असतो, सुटीच्या दिवशी असतो, वीज गेली तरी असतो.

मुंबई व खारघर येथील दुर्घटना

दि. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईतील महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयात घडलेली घटना अनेकांच्या स्मरणात असेल. ३२ वर्षांचा एक तरुण आपल्या बहिणीच्या सासूबाईंना एम. आर. आय. साठी घेऊन आला होता. वृद्ध बाईंसाठी प्राणवायूचा लोखंडी सिलिंडर बरोबर होता. तो सिलिंडर उचलून आत नेण्याचे काम या तरुणाकडे आले. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगण्यात आल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे होते. खोलीत पाऊल टाकताच चुंबकाने सिलिंडर खेचला व त्याबरोबर तो धरणारा हातही खेचला. तरुण यंत्रावर आदळून अडकला. सिलिंडरचे तोंड उघडून प्राणवायू जोराने बाहेर पडला आणि तो त्याच्या शरीरात गेला. इतरांनी त्याला ओढून बाहेर काढले, परंतु त्याचा जीव वाचू शकला नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याच्या कलमाखाली पोलिसांनी डॉक्टर व कर्मचारी यांना अटक केली, आणि राज्य शासनाने कुटुंबास पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

तत्पूर्वी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत अशाच सिलिंडरने दोन कर्मचारी, एक वॉर्डबॉय व एक तंत्रज्ञ, यंत्राशी जखडले गेले. चुंबकाचे क्षेत्र लगेच घालवता आले नाही आणि ते दोघे सुमारे चार तास त्या अवस्थेत होते. दोघेही गंभीर जखमी झाले. हा अपघात कोणा अडाणी माणसाच्या हातून झाला असे म्हणण्याची सोय या घटनेने ठेवलेली नाही; तो एका नामांकित संस्थेतील, त्या यंत्राच्या सान्निध्यात वावरणाऱ्या माणसांच्या बाबतीत घडला.

परदेशांतही प्रकार वेगळा नाही. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात तपासणीसाठी यंत्रात झोपवलेला सहा वर्षांचा मुलगा आत आणलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरचा आघात होऊन मरण पावला. २०२१ साली दक्षिण कोरियात सिलिंडरमुळेच आणखी एका रुग्णाचा बळी गेला. जुलै २०२५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क राज्यातच पत्नीची तपासणी संपल्यावर तिला उठण्यास हात देण्याकरिता ६१ वर्षांचे एक गृहस्थ खोलीत गेले. त्यांच्या गळ्यात व्यायामासाठी वापरली जाणारी सुमारे नऊ किलो वजनाची साखळी होती. चुंबकाने साखळी खेचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. तपासणी संपली होती. चुंबकाचे काम संपलेले नव्हते.

या घटनांत प्राणवायूचा सिलिंडर वारंवार येतो, याचे कारण उघड आहे. रुग्णाला धाप लागली, की प्राणवायू हवा असतो, आणि तोही ताबडतोब. घाईत हात जवळच्या सिलिंडरकडे जातो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. सार्वजनिक रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलणे, सलाईनची बाटली धरणे, सिलिंडर उचलणे ही कामे पुष्कळदा नातेवाइकांच्याच अंगावर येतात. कर्मचारी कमी आणि रुग्ण फार अशी ओढाताण असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्याला त्या खोलीची काहीच माहिती नाही, त्याच्याच हाती तेथील सर्वांत धोकादायक वस्तू द्यावी, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

चुंबक बंद का होत नाही

घरात पंखा बटण दाबले की थांबतो. एम. आर. आय.च्या चुंबकाचे तसे नसते. यंत्राच्या पोकळ नळीभोवती नायोबियम व टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाच्या तारेची वेटोळी असतात. ही तार द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत तिचा विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह बाहेरच्या विजेवाचून तसाच फिरत राहतो आणि चुंबकही तसाच राहतो. काही यंत्रांत कायमचे चुंबक वापरतात. त्यांचे बळ कमी असते, पण तेही बंद करता येत नाहीत. तपासणीच्या वेळी जो ठक-ठक असा कर्कश आवाज होतो, तो चित्र घेण्याच्या इतर वेटोळ्यांचा असतो. तो थांबला म्हणजे चित्र घेणे थांबले, इतकाच त्याचा अर्थ.

रुग्णालयांत सामान्यपणे आढळणारा चुंबक १.५ टेस्ला बळाचा असतो, काही ठिकाणी ३ टेस्लाचा. होकायंत्राची सुई ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वाने फिरते, त्याच्या तुलनेत १.५ टेस्ला हे बळ तीस हजार पटींच्या घरात जाते.

शिक्षकांना हा भाग वर्गात सहज दाखवता येईल. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील व खानदेशातील शिक्षकांनी जुन्या ध्वनिक्षेपकातील एक चुंबक मिळवावा. टेबलावर एक खिळा ठेवून चुंबक हळूहळू त्याच्याजवळ न्यावा. बराच वेळ काहीच घडत नाही. एका ठिकाणी मात्र खिळा एकदम उडी घेऊन चुंबकाला चिकटतो. ती उडी विद्यार्थ्यांनी नीट पाहावी, कारण तपासणीगृहात माणूस फसतो तो नेमका येथे. दारात उभे असताना हातातील वस्तूला ओढ जाणवत नाही किंवा अगदी थोडी जाणवते. आणखी दोन पावले टाकली, की ती हाताला आवरत नाही. आधुनिक यंत्रांत चुंबकाचे क्षेत्र खोलीबाहेर पसरू नये म्हणून उलट दिशेने प्रवाह असलेली जादा वेटोळी बसवतात. त्यामुळे शेजारच्या खोल्या सुरक्षित झाल्या, परंतु क्षेत्र यंत्राच्या तोंडाशी अधिकच एकाएकी वाढते, आणि माणसाला सावध होण्यास मिळणारा अवधी आणखी घटला.

त्याच प्रयोगात एक किंवा दोन रुपयांचे पोलादी नाणे, तांब्याचे भांडे, चांदीचे जोडवे आणि घरातील स्टीलचे चमचे एकेक करून चुंबकाला लावून पाहावेत. नाणे चिकटेल, तांबे व चांदी चिकटणार नाहीत. स्टीलचे काही चमचे चिकटतील, काही नाहीत. वस्तू पाहून ती कोणत्या जातीची हे डोळ्यांना ओळखता येत नाही, म्हणून तपासणीगृहात सरसकट सर्व धातू बाहेर ठेवण्याचा नियम आहे.

दाराबाहेर ठेवावयाच्या वस्तू

छापील यादीत घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, बँकेचे कार्ड, श्रवणयंत्र, पट्ट्याचे बक्कल ही नावे असतात. आपल्या माणसाच्या खिशात व अंगावर याखेरीज जे असते, ते यादीत क्वचितच आढळते. सुपारीचा अडकित्ता, चुन्याची डबी, कमरेच्या करगोट्यात ओवलेली किल्ली, दंडावरचा किंवा गळ्यातला ताईत, लहान मुलांच्या मनगटातील लोखंडी कडे, पदराला व परकराला लावलेल्या सेफ्टी पिना, अंबाड्यातील आकडे. पिन लहान म्हणून दुर्लक्ष करू नये. उडालेली पिन डोळ्यात जाण्यास वेळ लागत नाही.

मंगळसूत्र काढण्यास काही स्त्रिया नाखूश असतात. ही भावना समजून घेऊन तंत्रज्ञांनी घाई न करता, शक्य असल्यास परिचारिकेकरवी, त्यांना कारण सांगावे. दागिने बरोबरच्या जबाबदार व्यक्तीच्या हाती मोजून द्यावेत. काढलेला दागिना नीट राहील ही खात्री पटली, की विरोध बराचसा मावळतो.

सोबत आत जाणाऱ्या नातेवाइकालाही हे सर्व नियम तंतोतंत लागू आहेत. तपासणी रुग्णाची असल्यामुळे त्याची कसून चौकशी होते, आणि लहान मुलाला धीर द्यायला आत गेलेल्या आईच्या किंवा आजोबांच्या खिशाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

जरीचा काठ आणि भाजण्याचा धोका

खेचला न जाणारा धातू निर्धोक असतो असेही नाही. सुरतेच्या जरीला २०१० साली भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन करतात, नकली जरीत तांबे असते. हे धातू चुंबकाला चिकटत नाहीत, परंतु ते विद्युतवाहक आहेत. तपासणीच्या वेळी शरीरावर सोडलेल्या रेडिओलहरींमुळे अशा तारांत प्रवाह निर्माण होऊन त्या तापू शकतात व कातडी भाजू शकते. कापडात विणलेल्या धातूच्या सूक्ष्म तंतूंमुळे रुग्ण भाजल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. जरीकाठाची साडी, चमकीचे पोलके किंवा धातूचा धागा असलेली बनियन घालून यंत्रात जाऊ नये. रुग्णालयाने दिलेला सुती झगा घालावा. तो जुना किंवा विटका असला तरी त्या यंत्रापुरते तेच योग्य वस्त्र होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे येणाऱ्या एम. आर. आय. अपघातांच्या तक्रारींत भाजण्याचे प्रकार सर्वांत अधिक असतात. हृदयाचे ठोके पाहण्यासाठी लावलेल्या तारांचा वेढा अंगावर पडणे, हाताचा पंजा उघड्या मांडीला टेकणे, कोपर नळीच्या भिंतीला लागणे ही त्याची काही कारणे आहेत. म्हणूनच तंत्रज्ञ हात व अंग यांमध्ये कापडाची घडी ठेवतात. रुग्णाने ती सरकवू नये. हातात दिलेला फुगा आत कोठेही चटका वा ऊब जाणवताच दाबावा. तो दाबल्याने तपासणी वाया जाईल अशा भिडेने पुष्कळ रुग्ण सोसत राहतात. कानात दिलेले बोळेही काढू नयेत, कारण यंत्राचा आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो.

शरीरातील धातू

अंगावरचा धातू काढता येतो, अंगातला काढता येत नाही, म्हणून त्याविषयीचे प्रश्न सर्वांत महत्त्वाचे होत. हृदयाला लावलेला पेसमेकर, मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीला घातलेली चिमटी, कानाच्या आत बसवलेले यंत्र, हाडात घातलेली सळई वा पट्टी, हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट, स्त्रियांनी बसवून घेतलेली तांबी यांपैकी काहीही असल्यास ते न विचारताही सांगावे. यांतील बऱ्याच वस्तू आज एम. आर. आय.ला चालतात, काही ठराविक अटींवर चालतात, काही मुळीच चालत नाहीत. निवाडा करावयाचा तो डॉक्टरांनी, आणि त्यासाठी त्यांना वस्तूचे नाव व नमुना कळावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने दिलेले कार्ड व कागद घरात रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावेत, एवढे एक काम प्रत्येक कुटुंबाने आजच करावे.

सुरत व हजिरा परिसरात वेल्डिंग, लेथ आणि यंत्रमागांच्या दुरुस्तीची कामे करणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. लोखंडाचा किस डोळ्यात जाणे त्यांना नवे नाही. डोळा चोळून माणूस पुन्हा कामाला लागतो आणि विसरून जातो. अमेरिकेत पत्र्याचे काम करणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात असा कण राहिला होता. एम. आर. आय.च्या वेळी तो आतल्या आत सरकला, रक्तस्राव झाला व त्या डोळ्याची दृष्टी गेली. १९८६ साली ही घटना वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून अशा कामगारांच्या डोळ्यांचे आधी क्ष-किरण चित्र घेण्याची प्रथा रूढ झाली. कामगाराने आपला पूर्वीचा व्यवसायही सांगितला पाहिजे. वीस वर्षांपूर्वीचा कण तेथेच असू शकतो.

गरोदरपण व मूत्रपिंडाचा जुना आजार हेही सांगावे, कारण चित्र स्पष्ट येण्यासाठी टोचावयाचे गॅडोलिनियमयुक्त औषध अशा रुग्णांना देताना विशेष विचार करावा लागतो.

तातडीचा खटका

माणूस यंत्राशी जखडला गेला, तर चुंबकाचे बळ घालवण्यासाठी भिंतीवर एक खास खटका असतो. तो दाबला असता तारेची थंडी मोडते, हेलियम उकळून वायू होतो आणि एक-दोन मिनिटांत क्षेत्र ओसरते. एक लिटर द्रव हेलियमपासून सुमारे सातशे लिटर वायू बनतो, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रांत तो द्रव हजार ते दोन हजार लिटर असतो. हा वायू छतावरील नळाने बाहेर जावयाचा असतो. नळात घरट्यामुळे किंवा गंजामुळे अडथळा असेल, तर तो खोलीत शिरतो, प्राणवायूला हटवतो आणि आतली माणसे गुदमरू शकतात. आत उघडणारे दार वायूच्या दाबाने उघडेनासे होते. यास्तव नळाची नियमित तपासणी, दार बाहेर उघडणारे असणे आणि खटका चालू स्थितीत असल्याची खातरजमा या तीन गोष्टी अधिकाऱ्यांनी पाहणीच्या वेळी स्वतः विचाराव्यात. खटका दाबल्यास यंत्र अनेक दिवस बंद पडते व खर्च लक्षावधी रुपयांचा येतो. त्या खर्चाच्या धास्तीने कर्मचाऱ्याचा हात अडखळू नये, याकरिता तो केव्हा दाबावा याचा लेखी आदेश आधीच दिलेला असावा.

आत रुग्ण अत्यवस्थ झाला, तर त्याला प्रथम खोलीबाहेर काढावे आणि उपचार बाहेर करावेत. डॉक्टर व परिचारिका उपकरणांसह आत धावल्या, की एका संकटाची दोन होतात. अग्निशामक दलाच्या जवानांनाही हे आधी माहीत करून द्यावे, कारण त्यांच्या कुऱ्हाडी व नळकांडी लोखंडी असतात.

दाराची जबाबदारी

क्ष-किरण व सी. टी. यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एम. आर. आय.मध्ये तसे किरण नसल्याने ते यंत्र त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. साहजिकच दाराशी कोण उभे राहील आणि कोणाला अडवील हे ठरवण्याचा भार रुग्णालयाच्या व्यवस्थापनावर अधिक येतो. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २००१ च्या दुर्घटनेनंतर तयार केलेली पद्धत अनेक देशांत अनुसरली जाते. तीत इमारतीचे चार टप्पे पाडतात. पहिला सर्वांसाठी खुला, दुसऱ्यात विचारपूस व कपडे बदलणे, तिसऱ्यात केवळ प्रशिक्षित माणसासह प्रवेश आणि चौथा म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. लोखंडी स्ट्रेचर, सिलिंडर, सलाईनचा स्टँड व चाकांची खुर्ची यांनी दुसरा टप्पा ओलांडूच नये. पुढे चुंबकाला न चिकटणारी खास ट्रॉली आणि भिंतीतून येणारा किंवा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधील प्राणवायू असावा. ही साधने यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य आहेत. यंत्र घेताना निविदेत ती नसतील, तर निविदा अपुरी समजावी.

भाषेचाही प्रश्न आहे. सुरतेतील फलक व संमतिपत्रे बहुधा गुजराती वा इंग्रजीत असतात. खानदेशातून आलेल्या नातेवाइकाला देवनागरी वाचता येते, गुजराती लिपी अडते. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा रुग्णांची मराठीही बेताचीच असते. न कळलेल्या कागदावर अंगठा उठवून घेतल्याने पेसमेकर किंवा डोळ्यातील कण उजेडात येत नाही. प्रश्न तोंडी, रुग्णाच्या भाषेत विचारले जावेत, आणि गरज पडल्यास वस्तीतील एखाद्या जाणत्या माणसाचे साहाय्य घ्यावे. फलकावर शब्दांपेक्षा चित्र बरे : सिलिंडर, अडकित्ता, किल्ली आणि त्यांवर लाल फुली.

नातेवाइकाने स्वतःपुरते एवढे करावे. कोणीही, मग तो पांढऱ्या डगल्यातील का असेना, सिलिंडर, खुर्ची किंवा स्टँड घेऊन आत चला म्हणाला, तर दारातच थांबावे आणि 'हे चुंबकाला चालते का, तंत्रज्ञांना विचारा' असे सांगावे. 'यंत्र बंद आहे' या उत्तरावर विसंबून पाऊल टाकू नये. तंत्रज्ञाने स्वतः दाराशी येऊन होकार दिल्याखेरीज आत जाऊ नये, आणि तपासणी संपल्यावर रुग्णाला उठवण्यासाठी हाक आली, तरीही खिसे पुन्हा रिकामे करूनच आत जावे.